पोर्टल व्हेन बांधलेल्या रॅटमध्ये ग्लुकागॉन वाढतं: कारण की परिणाम?

शिराजाल (धागाकर्ती)

पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी शीर) अर्धवट बांधलेल्या रॅटमध्ये दोन आठवड्यांनी तीन गोष्टी हमखास एकत्र दिसतात: आतड्यांकडचा रक्तप्रवाह वाढलेला, सरासरी धमनीदाब उतरलेला आणि रक्तातलं ग्लुकागॉन (साखर वाढवणारं स्वादुपिंडाचं हार्मोन) चढलेलं. ग्लुकागॉन रक्तवाहिन्या सैल करतं हे जुनं ज्ञान आहे. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी सरळ बाण काढलेला असतो. ग्लुकागॉन वाढलं, म्हणून आतड्यांच्या धमन्या रुंदावल्या, म्हणून पोर्टल प्रेशर (पोर्टल व्हेनमधला दाब) चढतं राहिलं.

मला हा बाण पटत नाही. पोर्टल रक्त यकृताला वळसा घालून थेट मोठ्या अभिसरणात शिरू लागलं, की यकृत जे जे गाळून काढतं ते सगळंच रक्तात साठणार. मग ग्लुकागॉन वाढलं ते शंटमुळे (या वळशामुळे) आणि धमन्या सैल पडल्या त्या दुसऱ्याच कशामुळे, असं का नसावं? हे दोन वेगळे कसे करायचे, आणि मोजताना आकडा कुठे कुठे फसवतो, यावर जाणकारांनी लिहावं.

रेशीमगाठ

विषय असा आहे की धागा काढायचा म्हणजे खरोखरच धागा बांधण्यापासून सुरुवात! निम्मे घोळ त्या गाठीतच असतात, म्हणून आधी तेच लिहितो.

रॅटसाठी नेहमीची पद्धत अशी. पोट उघडून पोर्टल व्हेन चरबीतून सुटी करायची, २० गेजची बोथट सुई शिरेला लागून समांतर ठेवायची, ३-० रेशमी धाग्याने शीर आणि सुई एकत्र बांधायची आणि सुई हळूच काढून घ्यायची. शीर फुलते आणि सुईएवढी वाट शिल्लक राहते. २० गेजचा बाहेरचा व्यास साधारण ०.९ मिलिमीटर असतो. माउसमध्ये याच कामाला २७ गेज वापरतात. पूर्ण बांधली तर आतड्यांत रक्त तुंबून रॅट दगावतो, त्यामुळे थोडी वाट ठेवावीच लागते. शॅम गटात (तुलनेसाठी खोटी शस्त्रक्रिया केलेल्या) शीर तशीच सोडवायची, गाठ मारायची नाही.

गेज बदललं तर काय होतं ते बघा. १८ गेजची सुई १.२७ मिलिमीटर. प्रवाहाला होणारा अवरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे १८ ऐवजी २० घेतली की अरुंद भागाचा अवरोध जवळपास पावणेचारपट. प्रत्यक्षात शिरेच्या भिंतीची जाडी मध्ये येते, त्यामुळे हे गणित ढोबळ आहे, पण दोन जणांनी दोन सुया वापरल्या तर त्यांचे आकडे एका तक्त्यात मांडता येत नाहीत एवढं नक्की.

वजनाचंही तसंच. २०० ग्रॅमच्या आणि ३५० ग्रॅमच्या रॅटला एकच सुई वापरली तर मोठ्याला अडथळा जास्त लागतो. लहान रॅट दोन आठवड्यांत वाढतो, गाठ वाढत नाही. वजनाचा पट्टा अरुंद ठेवा, ३० ग्रॅमच्या आत.

नाडीमापक

रेशीमगाठ यांना अनुमोदन. यात काळाचा मुद्दा जोडतो, कारण धागाकर्तीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर काळात आहे.

गाठ मारल्याक्षणी दाब चढतो, तो निव्वळ अडथळ्यामुळे. त्या वेळी आतड्यांच्या धमन्या उलट आकसलेल्या असतात. पुढच्या काही दिवसांत पर्यायी वाटा उघडतात आणि अडथळा कमी होत जातो. नुसत्या अडथळ्याचा खेळ असता तर दाबही मूळपदावर आला असता. तो येत नाही, कारण तोवर आतड्यांकडून येणारा प्रवाह वाढलेला असतो. आठवड्याभरात चित्र पुरतं पालटतं: शंट ९० टक्क्यांच्या पुढे, हृदयाचं उत्पादन वाढलेलं, धमन्यांचा एकूण अवरोध घटलेला. १९८० च्या दशकात ग्रोझमन आणि सहकाऱ्यांनी हा क्रम दिवसागणिक मोजून मांडला.

एक नमुन्याचं गणित करू. हे आकडे समजण्यापुरते, कुठल्या प्रयोगातले नाहीत. दाब = प्रवाह × अवरोध. आधी दाब ८ मिमी पारा, प्रवाह १०० ग्रॅम वजनामागे ४ मिली प्रतिमिनिट, म्हणजे अवरोध २. नंतर दाब १४, प्रवाह ६, म्हणजे अवरोध २.३३. दाब ७५ टक्क्यांनी चढला, अवरोध मात्र १७ टक्क्यांनीच. प्रवाह ४ वरच राहिला असता तर दाब सव्वानऊच्या आसपास थांबला असता. उरलेला सगळा चढ वाढीव प्रवाहाचा.

म्हणून एकाच दिवशी, चौदाव्याला, सगळं मोजून कारण-परिणाम ठरवणं चुकीचं आहे. तोवर सगळंच वाढून बसलेलं असतं. पहिला, दुसरा, चौथा, सहावा, आठवा असे दिवस घ्या आणि आधी काय हललं ते बघा.

सूक्ष्मगोल

प्रवाह मोजायचा कसा, यावरही लिहायला हवं. १५ मायक्रॉनचे मायक्रोस्फिअर (अवयवांच्या बारीक वाहिन्यांत अडकणारे, मोजता येणारे गोल कण) मानेतल्या उजव्या कॅरोटिड धमनीमधून नळी सरकवून डाव्या व्हेंट्रिकलमध्ये सोडायचे आणि त्याच वेळी फीमोरल धमनीतून ठरलेल्या वेगाने रक्त ओढायचं, रॅटमध्ये साधारण मिनिटाला १ मिली. अवयवातली गणती भागिले ओढलेल्या रक्तातली गणती, गुणिले ओढण्याचा वेग, झाला त्या अवयवाचा प्रवाह. जठर, लहान-मोठं आतडं, स्वादुपिंड, प्लीहा आणि मेसेंटरी (आतडी धरून ठेवणारा पडदा) यांची बेरीज म्हणजे पोर्टलमध्ये येणारा एकूण प्रवाह. मेसेंटरी बेरजेत घ्यायची राहून जाते, ते टाळा.

चुका ठरलेल्या आहेत. गोल एकमेकांना चिकटतात, म्हणून ट्वीन (साबणासारखं द्रव्य) घातलेल्या द्रावात ठेवायचे आणि सोडण्याआधी सोनिकेटरमध्ये धरून नीट हलवायचे. नळीचं टोक व्हेंट्रिकलमध्ये नसून महाधमनीत राहिलं तर मिसळ होत नाही. ताळा सोपा आहे: दोन्ही मूत्रपिंडांच्या प्रवाहात १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर तो रॅट बाद. एका तुकड्यात निदान ४०० गोल हवेत, नाहीतर गणतीतली चूक हाताबाहेर जाते.

शंट मोजताना गोल इलिओकोलिक शिरेत (आतड्याकडून पोर्टलला मिळणाऱ्या) किंवा प्लीहेत सोडतात. फुफ्फुसातली गणती भागिले फुफ्फुस आणि यकृत यांची बेरीज, गुणिले १००. मात्र प्लीहेत सोडल्यावर प्लीहेकडच्या वाटा कळतात आणि इलिओकोलिकमधून सोडल्यावर मेसेंटरीकडच्या. दोन्ही आकडे सारखे येतीलच असं नाही, तेव्हा कुठून सोडले ते लिहिल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

नवशिकी

पोर्टल प्रेशर नेमकं कुठून घ्यायचं? प्लीहेत सुई टोचून घेतलेला दाब चालतो का?

रेशीमगाठ

@नवशिकी, या मॉडेलमध्ये चालतो. अडथळा यकृताच्या अलीकडे आहे आणि प्लीहा त्याच्याही अलीकडे, त्यामुळे तिथे पोर्टलचाच दाब उमटतो. यकृतशिरेत अडकवून घेतलेला वेज्ड दाब मात्र इथे कामाचा नाही, तो साधारणच येईल.

तरी खात्रीचा मार्ग म्हणजे इलिओकोलिक किंवा मेसेंटरीतल्या बारीक शिरेत पीई-५० ही बारीक प्लास्टिकची नळी. ट्रान्सड्यूसरचं (दाबमापकाचं) शून्य उजव्या कर्णिकेच्या पातळीला. तो १ सेंटिमीटर खाली-वर झाला तर पाऊण मिमी पाऱ्याची चूक, आणि आपण शोधतोय तो फरक ५-६ मिमीचा. पाणी आणि पारा यांची गल्लतही फार होते: १ मिमी पारा म्हणजे १.३६ सेंमी पाणी. आतडी बाहेर ओढून ठेवली तरी दाब बदलतो. गरम सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडाने झाकायची आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं.

स्रावशास्त्री

आता हार्मोनवर येऊ. @शिराजाल, तुमची शंका रास्त आहे, पण ती इन्सुलिनला जास्त लागू पडते, ग्लुकागॉनला कमी. पोर्टलमधून येणारं इन्सुलिन यकृत पहिल्याच फेरीत जवळपास निम्मं काढून घेतं. शंट झाला की ते चढतंच. खात्री करायची तर सोबत सी-पेप्टाइड (इन्सुलिनबरोबरच स्रवणारा तुकडा) मोजा. यकृत ते फारसं काढत नाही, त्यामुळे इन्सुलिन वर आणि सी-पेप्टाइड जागच्या जागी असेल तर दोष निचऱ्याचा.

ग्लुकागॉन यकृत त्यामानाने कमी काढतं. सिर्होसिसच्या (यकृतात व्रणासारखी ऊती साठून ते निकामी होण्याच्या आजाराच्या) रुग्णांत बाहेरून ग्लुकागॉन देऊन निचऱ्याचा वेग मोजला, तर तो जवळपास नेहमीसारखाच निघाला. म्हणजे साठल्यामुळे नव्हे, मुळात स्रवणच वाढल्यामुळे पातळी चढली. शंटचा हात त्यात असेलच, पण ग्लुकागॉन बनवणाऱ्या अल्फा पेशींना चेतवणारा म्हणून.

दुसरा मुद्दा, 'दुसऱ्याच कशामुळे' हा. पोर्टल हायपरटेन्शनच्या (पोर्टल प्रेशर वाढलेल्या) रॅटचं धमनीतलं रक्त निरोगी रॅटच्या आतड्याच्या तुकड्यातून फिरवलं तर त्या तुकड्याचा प्रवाह वाढतो. म्हणजे रक्तात काहीतरी आहे हे पक्कं. पुढे ग्लुकागॉनविरोधी अँटिबॉडी देऊन बघितलं तेव्हा आतड्याच्या वाढीव प्रवाहातला सुमारे एक तृतीयांश वाटा ग्लुकागॉनच्या नावावर लागला. तुम्हाला न पटलेला बाण खोटा नाही, फक्त तिसऱ्या हिश्शाचा आहे.

शिराजाल

@स्रावशास्त्री, निचऱ्याबद्दलचा मुद्दा मान्य, माझी मांडणी तिथे सैल होती. उरलेले दोन तृतीयांश कुठले मग?

नाडीमापक

मोठा वाटा धमन्या सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचा. १९९१ साली व्हॅलन्स आणि मोन्काडा यांनी मांडलं की आतड्यातल्या एंडोटॉक्सिनमुळे (जिवाणूंच्या विषामुळे) नायट्रिक ऑक्साइड वाढत असावं. आधी संशय ते बनवणाऱ्या आयएनओएस या एन्झाइमवर होता, नंतर मेसेंटरीच्या धमन्यांत मुख्यतः त्याचंच भावंड ईएनओएस वाढलेलं आढळलं. या एन्झाइमांना रोखणारं एल-नेम दिलं की आतड्यांचा प्रवाह उतरतो. पण या दोन्ही एन्झाइमांची जनुकं काढून टाकलेल्या माउसमध्येही शीर बांधल्यावर अभिसरण हायपरडायनॅमिक (प्रवाह जास्त, अवरोध कमी) झालंच. शिवाय प्रोस्टासायक्लिन हेही सैल करणारं द्रव्य आहे, ते बनू न देणारं इंडोमेथॅसिन दिलं तरी प्रवाह कमी होतो. सगळा भार एकाच खांबावर नाही, त्यामुळे एक खांब काढून छप्पर कोसळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आणि ग्लुकागॉन नुसतं सैल करून थांबत नाही. नॉरॲड्रेनॅलिन आणि अँजिओटेन्सिन यांना धमनी जेवढी आकसायला हवी तेवढी ती ग्लुकागॉनच्या उपस्थितीत आकसत नाही. ही असंवेदनशीलता मला थेट सैलपणापेक्षा महत्त्वाची वाटते. कारण या प्राण्यांत आकसवणारी हार्मोन कमी नसतात, उलट वाढलेली असतात. धमन्या सैल, दाब कमी, म्हणून रेनिन, नॉरॲड्रेनॅलिन, व्हेसोप्रेसिन चढतात आणि मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं. श्रायर यांनी १९८८ मध्ये मांडलेला क्रम हाच. रॅटला सोडियम कमी असलेला आहार दिला तर प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) फारसा वाढत नाही आणि हायपरडायनॅमिक अभिसरणही सौम्य राहतं. तेव्हा दोन्ही गटांच्या खाद्यातलं सोडियम सारखं आहे ना, हे आधी तपासा.

संख्यामित्र

ऑक्ट्रिओटाइड (सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनसारखं औषध) देऊन ग्लुकागॉन दाबायचं आणि प्रवाह उतरला की ग्लुकागॉनला दोषी धरायचं, असे युक्तिवाद दिसतात. ते कच्चे आहेत. सोमॅटोस्टॅटिनच्या घराण्यातली औषधं आतड्यांच्या धमन्यांवर थेटही काम करतात. औषधासोबत ग्लुकागॉन बाहेरून देऊन पातळी मूळ जागी आणली आणि प्रवाह परत चढला, तरच तो पुरावा.

स्रावशास्त्री

बरोबर. ते देताना पातळी त्या रॅटमध्ये मुळात होती तेवढीच हवी. औषधी डोस दिला तर कुठल्याही रॅटच्या धमन्या सैल पडतील, त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

रक्ताच्या नमुन्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण बिघाड इथेच जास्त.

रात्रभर उपाशी, पाणी चालू. पिंजऱ्यात खाली जाळी हवी, नाहीतर रॅट लेंड्या खातात आणि तो उपास राहत नाही. नळीत ईडीटीए (रक्त गोठू न देणारं) आणि रक्ताच्या प्रत्येक मिलीमागे ५०० युनिट ॲप्रोटिनिन (हार्मोन तुटू न देणारं) आधीच घातलेलं, नळी बर्फात. ४ अंशांवर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा लगेच उणे ८० ला. गोठवणं-वितळवणं एकदाच.

ग्लुकागॉन मोजायला अँटिबॉडी कोणती? आतड्यातून ग्लायसेंटिन आणि ऑक्सिंटोमोड्युलिनही येतात आणि त्यांच्यात ग्लुकागॉनचा साचा दडलेला असतो. सी-टोक (रेणूचं शेवटचं टोक) ओळखणारी अँटिबॉडी ग्लायसेंटिनला फारशी धरत नाही, मधला भाग ओळखणारी सगळ्यांना धरते. आतड्याच्याच आजाराचं मॉडेल असताना दुसरी वापरली तर आपण काय मोजतोय तेच कळणार नाही. दोन्ही टोकं धरणारा सँडविच एलायझा (दोन अँटिबॉडींची चाचणी) सगळ्यात निर्धोक. एककही बघा, १०० पिकोग्रॅम प्रतिमिली म्हणजे २८.७ पिकोमोल प्रतिलिटर.

रक्तपेशी फुटल्या असतील तर त्या नमुन्यातलं इन्सुलिन विसरा. पेशींतलं एन्झाइम ते तोडतं आणि आकडा खोटा खाली येतो.

नवशिकी

रेनिनही त्याच बर्फातल्या नळीतून मोजता येईल का? रक्त वाचेल.

स्रावशास्त्री

नको. प्लाझ्मा थंड पण न गोठलेल्या अवस्थेत राहिला की निष्क्रिय प्रोरेनिन जागं होतं आणि रेनिन खोटं वाढतं. माणसाच्या प्लाझ्मात हे पुरेपूर दिसलंय. रेनिनची नळी वेगळी, नुसती ईडीटीएची, खोलीच्या तापमानाला फिरवायची आणि प्लाझ्मा झटकन गोठवायचा.

रक्त वाचवण्याचा विचार मात्र योग्य. रॅटमध्ये किलोमागे साधारण ६४ मिली रक्त, म्हणजे ३०० ग्रॅमच्या रॅटमध्ये १९ मिली. त्यातलं दहा टक्के, जेमतेम १.९ मिली, याहून जास्त काढलं की रक्तस्रावालाच प्रतिसाद म्हणून रेनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन उसळतात. सूक्ष्मगोल यांनी सांगितलेलं मिनिटाला १ मिली ओढणंही यातच आलं. त्यामुळे हार्मोनचा नमुना आधी, गोल नंतर, किंवा दोन्हीसाठी वेगळे रॅट.

गुंगीवाला

भुलीबद्दल अजून कोणीच लिहिलं नाही! केटामाइनसोबत झायलाझिन देण्याची सवय असते. झायलाझिन अल्फा-२ रिसेप्टरवरून इन्सुलिनचं स्रवण दाबतं आणि साखर चढवतं. त्यानंतर इन्सुलिन-ग्लुकागॉनचं गुणोत्तर काढण्यात अर्थ नाही. पेंटोबार्बिटालने हृदयाचं उत्पादन पडतं, म्हणजे जे हायपरडायनॅमिक दाखवायचंय तेच झाकलं जातं. आयसोफ्लुरेन स्वतःच धमन्या सैल करतं. आतड्यांच्या अभिसरणासाठी नुसतं केटामाइन त्यातल्या त्यात बरं, पण स्नायू सैल पडत नाहीत. शरीराचं तापमान ३७ अंशांवर धरून ठेवा.

हार्मोनसाठी सर्वोत्तम म्हणजे आदल्या दिवशी धमनीत नळी बसवून, ती मानेमागून बाहेर काढून, पूर्ण शुद्धीवर आणि शांत असलेल्या रॅटचं रक्त घेणं. हातात पकडून काढलेल्या रक्तातलं नॉरॲड्रेनॅलिन त्या पकडण्याचं असतं. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक द्यायलाच हवं. जिवाला त्रास होऊ नये म्हणून, आणि दुखणारा रॅट खात नाही आणि त्याची सगळी हार्मोन हललेली असतात म्हणूनही.

श्वानवैद्य

थोडं अवांतर, पण प्राण्यागणिक फरक पडतो म्हणून. कुत्र्याच्या जठरातूनही खरंखुरं ग्लुकागॉन येतं, स्वादुपिंड काढलं तरी पातळी शून्य होत नाही. त्यामुळे 'स्रोत स्वादुपिंडच' हे कुत्र्यात गृहीत धरता येत नाही. कुत्र्याच्या यकृतशिरांना स्नायूंचे भक्कम पट्टे असतात. हिस्टामीन सुटलं की ते आवळले जातात आणि पोर्टल प्रेशर एकदम चढतं, म्हणून ॲनाफिलॅक्सिसमध्ये कुत्र्याचं यकृत आधी झोडपलं जातं.

आणि शंट म्हणजे पोर्टल हायपरटेन्शन नव्हे. जन्मजात शंट असलेल्या कुत्र्यात पोर्टल प्रेशर वाढलेलं नसतं. दाब वाढून नंतर तयार झालेले शंट पुष्कळ आणि नागमोडी असतात, बहुधा डाव्या मूत्रपिंडाजवळ, आणि ते बांधायचे नसतात, तीच सुटकेची वाट असते. जन्मजात शंट आवळताना पोर्टल प्रेशर मूळपेक्षा ९-१० सेंमी पाण्याहून जास्त चढू देत नाहीत, आणि मध्यवर्ती शिरेचा दाब १ सेंमीहून जास्त उतरू देत नाहीत. आतडी निळसर दिसू लागली तर आकडा काहीही असो, गाठ सैल करायची.

नाडीमापक

@श्वानवैद्य, हे अवांतर नाहीच! शंट आहे पण दाब नाही, हाच तर मूळ प्रश्नाला हवा असलेला प्राणी. रॅटमध्ये पोर्टल व्हेन थेट महाशिरेला जोडली की पोर्टल प्रेशर वाढलेलं राहत नाही, तरीही ग्लुकागॉन चढतं आणि आतड्यांचा प्रवाहही वाढतो. म्हणजे दाबाशिवाय, नुसत्या वळशानेही बरंच काही घडतं. धागाकर्तीच्या प्रयोगात हा तिसरा गट हवाच.

पित्तप्रकोप

पित्तनलिका बांधलेल्या रॅटमध्ये हे करायचं असेल तर सावध. चार आठवड्यांत सिर्होसिस होतो, पण पित्ताम्लं स्वतःच धमन्या सैल करतात आणि पिवळा प्लाझ्मा रंगावर चालणाऱ्या चाचण्या बिघडवतो. व्हिटॅमिन के दर आठवड्याला न दिल्यास रक्तस्रावाने रॅट जातात. यकृत बिघडवणाऱ्या कार्बन टेट्राक्लोराइडच्या मॉडेलमध्ये फेनोबार्बिटाल पाण्यातून देतात, ते तुलनेच्या गटालाही द्या. हार्मोनच्या प्रश्नासाठी पोर्टल व्हेनच बरी, यकृत बरंचसं शाबूत राहतं.

संख्यामित्र

@शिराजाल, 'वेगळे कसे करायचे' याचं हिशेबी उत्तर. एका जागचं रक्त पुरत नाही. धमनी आणि पोर्टल, दोन्हीकडचं एकाच वेळी घ्या. फरक गुणिले पोर्टलचा प्लाझ्मा प्रवाह म्हणजे मिनिटागणिक स्रवण. समजा दोन्ही गटांत फरक ७० पिकोग्रॅम प्रतिमिलीच आला आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला पेशींचा वाटा) ४० टक्के आहे. शॅममध्ये रक्तप्रवाह १० मिली, म्हणजे प्लाझ्मा ६ मिली, स्रवण मिनिटाला ४२० पिकोग्रॅम. बांधलेल्यात प्रवाह १५, प्लाझ्मा ९, स्रवण ६३०. फरक सारखाच, स्रवण दीडपट. प्रवाह न मोजता नुसती पातळी बघणाऱ्याला इथे 'स्रवणात बदल नाही' असं वाटेल. प्लाझ्मा वाढल्याने हिमॅटोक्रिट उतरतं, म्हणून तो प्रत्येक रॅटचा मोजा, सरासरी वापरू नका.

शिराजाल

सगळ्यांचे आभार, वाखु (वाचनखूण) साठवली. आराखडा बदलते: शॅम, अर्धवट बांधलेली आणि महाशिरेला जोडलेली असे तीन गट, पाच दिवस, दुहेरी नमुने. एकच शंका. धमनी आणि पोर्टल अगदी एकाच क्षणी जमलं नाही तर आधी कोणतं?

स्रावशास्त्री

धमनीचं, पोटाला हात लावण्याआधी. पोट उघडून आतडी हलवली की नॉरॲड्रेनॅलिन आणि ग्लुकागॉन दोन्ही हलतात. मग पोर्टल नळी बसवून, दाब स्थिरावल्यावर, पोर्टलचं आणि लगोलग पुन्हा धमनीचं. पातळीसाठी पहिला धमनी नमुना, फरकासाठी दुसरा. नळीवर वेळ मिनिटासकट लिहा, ग्लुकागॉनचं अर्धायुष्य मिनिटांतच मोजायचं असतं. आणि पोर्टलचं रक्त गाठीच्या आतड्याकडच्या बाजूने, हळू ओढा. जोरात ओढलं तर शीर नळीच्या तोंडावर चिकटते, पेशी फुटतात आणि इन्सुलिनचा तो नमुना हातचा जातो.